सवानातला आजचा दिवस

आरव्ही (आमची राहायची गाडी) स्किडअवे आयलंडच्या कॅम्पग्राउंडवरच ठेवली आणि सकाळी कॅबने अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सवानाला गेलो. हे शहर पायीच बघायचं. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्पने आखलेल्या धर्तीवर ते वाढत गेलं. त्यातले २२ चौक आजही ओकच्या गर्द सावलीत आहेत, फांद्यांवरून करडं स्पॅनिश मॉस लोंबतंय. फोर्साइथ पार्कचं कारंजं सुंदरच.

पण मन अडकलंय ते फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमध्ये. गुलामगिरीत जगणाऱ्या माणसांनी दिवसभर मालकाकडे राबून, रात्री जागून ही विटांची इमारत उभी केली. १८५९ मध्ये ती पूर्ण झाली. तळमजल्याच्या लाकडी जमिनीत शंकरपाळ्यासारख्या नक्षीत भोकं आहेत. पळून आलेली माणसं खाली लपायची, त्यांना हवा मिळावी म्हणून, असं तिथे सांगतात. लेक गुडघ्यावर बसून एका भोकातून बघत होती. "आई, लहान मुलंपण असायची का गं खाली?" मला पटकन बोलताच येईना.

संध्याकाळी रिव्हर स्ट्रीटच्या दगडी रस्त्यावर थोडं फिरलो, पण दुकानांत लक्ष लागलं नाही. इकडे येणाऱ्यांनी या चर्चची टूर नक्की घ्या, मुलांनाही न्या. उद्या सकाळी चार्ल्स्टनकडे निघतोय.