बेतीच्या धक्क्यावरची भरती आणि एफएफटीची घरे

गोव्यातल्या मांडवी नदीची पातळी मी बेतीच्या धक्क्याला लावलेल्या दाबमापक सेन्सरने नोंदवतो. तासाला एक नोंद, तीस दिवस, म्हणजे ७२० आकडे. एफएफटी म्हणजे नोंदींत मिसळलेल्या लाटा आवर्तकालानुसार वेगळ्या करणारी गणिती रीत. पायथॉन भाषेच्या नमपाय या गणिती संचातला आरएफएफटी त्यातून ३६१ संमिश्र संख्या काढून देतो, एकेका आवर्तकालाच्या घरात एकेक. त्यांच्यावर ना तास लिहिलेले असतात, ना सेंटिमीटर. ते आपणच लावायचे.

शून्य क्रमांकाचे घर म्हणजे सगळ्या नोंदींची बेरीज. सरासरी आधीच वजा करतो, नाहीतर आलेखात तो एकच खांब दिसतो. पुढच्या घरांचा आवर्तकाल काढायला ७२० ला घराच्या क्रमांकाने भागायचे, उत्तर तासांत येते. आयामासाठी, म्हणजे लाट सरासरीपासून किती चढते त्यासाठी, संख्येचे अ‍ॅब्स (तिचे परिमाण) घ्यायचे, दुप्पट करायचे आणि ७२० ने भागायचे. दुप्पट अशासाठी, की अर्धा वाटा ऋण वारंवारतेकडे असतो आणि आरएफएफटी ती बाजू देत नाही. शेवटच्या, ३६० व्या घराला मात्र दुप्पट नको.

तीस दिवसच का? चंद्राची मुख्य भरती एम-टू १२.४२ तासांची, सूर्याची एस-टू १२ तासांची. तीस दिवसांत त्या ५७.९७ आणि ६० वर येतात, म्हणजे जवळजवळ नेमक्या घरांवर. के-वन आणि ओ-वन या दिवसातून एकदाच्या भरत्याही ३० आणि २८ ला चिकटून बसतात. गोव्यात लागोपाठच्या दोन भरत्या सारख्या चढत नाहीत त्या यांच्यामुळे. वेगासाठी दोनचा घात हवा म्हणून १०२४ नोंदी घेतल्या, तर एम-टू ८२.४४ वर, दोन घरांच्या उंबरठ्यावर जाते. शिखर खऱ्या आयामाच्या ७१ टक्क्यांच्या आसपास उतरते, उरलेले शेजारी सांडते. ७२० चे गुणक २, ३ आणि ५ एवढेच, त्यामुळे वेगातही काही जात नाही.

उधाण आणि भांगाचे चक्र १४.७७ दिवसांचे. त्याहून कमी दिवसांच्या नोंदीत एम-टू आणि एस-टू वेगळ्या होत नाहीत. मागे शून्ये जोडली की आलेख गुळगुळीत होतो, माहिती वाढत नाही. हॅन विंडोचेही जपून, म्हणजे नोंदीची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर आणणाऱ्या गुणकाचे. ती आयाम निम्मा करते, ते दुपटीने भरून निघते. पण तिचे शिखर चार घरे रुंद, आणि आपल्या दोन भरत्यांत अंतर दोनच घरांचे. साठ दिवसांची नोंद असेल तरच ती लावतो.

फेरीबोटींच्या लाटा काही सेकंदांच्या. तासाला एकच क्षणिक वाचन घेतले तर त्या खोटा मुखवटा घालून भलत्याच घरात येऊन बसतात, आणि नंतर कोणत्याही गाळणीने निघत नाहीत. म्हणून दर सेकंदाला वाचन घेऊन दहा मिनिटांची सरासरी साठवतो. वीज गेल्याने एखाद-दोन तास चुकले तर मधले आकडे सरळ रेषेने भरायचे. ओळी काढून टाकल्या तर पुढचा सगळा काळ सरकतो.

साठाव्या घरावर मी सहज विश्वास ठेवत नाही. हवेचा दाबही दर बारा तासांनी वरखाली होतो, आपल्या अक्षांशांवर साधारण एक मिलिबारने, आणि एक मिलिबार म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. बंद सेन्सर तोही मोजतो. जवळच बॅरोमीटर ठेवून त्याचे वाचन एफएफटीआधी वजा करावे लागते.

कला, म्हणजे लाट आपल्या चक्रात कुठे आहे तो कोन, वाचताना घड्याळ तपासावे. नमपायची कला पहिल्या नोंदीच्या क्षणापासून मोजलेली असते. भारतीय वेळ आणि ग्रीनिचची वेळ यांत गफलत झाली, तर साडेपाच तासांत एम-टू १५९ अंशांनी फिरते आणि भरतीच्या जागी जवळपास ओहोटी दिसते.