पारसिकचा बोगदा आणि वाक्यातला 'च'

२०१९ ची गोष्ट. तेव्हा मुंबईच्या मध्य रेल्वेच्या फास्ट लोकल दिवा आणि ठाण्याच्या मधल्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. दिवा गेलं की माझे हात गार पडायचे आणि गाडी आत शिरली की छातीत धडधड, श्वास पुरेना, आता इथेच जातो की काय असं वाटायचं. दोनदा ठाण्याला उतरून बाकड्यावर बसून राहिलो आणि तसाच डोंबिवलीला परत. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. शेवटी फॅमिली डॉक्टर म्हणाले, हे पॅनिक अटॅक आहेत, काउन्सेलरला भेट. आई म्हणाली, वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला जायचं, तुला काय झालंय?

पहिल्या सेशनला ५० मिनिटं मीच बडबडत होतो, मॅडम मधेच विचारायच्या, "त्या क्षणी मनात नेमकं वाक्य काय होतं?" सल्ला एकही नाही. पैसे वाया गेले असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वहीत लिहायला सांगितलं होतं, काय घडलं, मनात काय आलं, मग काय वाटलं, असे तीन रकाने. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आरईबीटी (आपले हट्टी विचार तपासून बदलायची उपचारपद्धत) म्हणतात ती हीच, हे नंतर कळलं. तिसऱ्या वेळी त्यांनी वही घेतली आणि लाल पेनाने फक्त 'च'ला गोल केले. "मला भीती वाटताच कामा नये." "चारचौघांत शोभा होताच कामा नये." म्हणाल्या, च काढून परत लिहा. मी लिहिलं, भीती वाटली नाही तर बरं, वाटली तरी गाडी ठाण्याला पोचतेच. हा च चालेल म्हणाल्या.

मग खरं काम. स्लो लोकलने आधी फक्त कोपर, मग दिवा, मग ठाणे, प्रत्येक वेळी भीती दहापैकी किती ते लिहायचं, आणि घाबरलो तरी मधे उतरायचं नाही, कारण भीती चढते तशी आपली आपण उतरते पण मधेच पळालो तर मेंदूला वाटतं पळालो म्हणून वाचलो. खिशात बाबांची सॉर्बिट्रेट (हृदयविकारात छातीत दुखलं तर घ्यायची गोळी) ठेवायचो, ती पण घरी ठेवायला लावली (ते सगळ्यात जड गेलं). जुलैत पावसामुळे फास्ट गाडी बोगद्यातच थांबली. दहापैकी नऊ. पण उतरायला जागाच नव्हती, त्यामुळे भीती चारवर उतरेपर्यंत बसावंच लागलं. मॅडमना केवढा आनंद झाला!

आता फास्ट लोकल मुंब्र्याकडून जातात. पुण्याच्या गाडीने जाताना मात्र बोगदा लागतो. आई शेजारी असली की माझा हात घट्ट धरते. मी धरू देतो.