तुम्ही विचारलंत म्हणून: खाणवाल्या भाऊंचं एवढं काय?

"खाणमालक गरिबांचा कैवारी कसा?" पुण्याचे व्याही विचारतात, गोव्यातली तरुण पोरं विचारतात, परवा जावयानंही विचारलं. एकदाच लिहून टाकतो.

भाऊ म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. त्यांचा पैसा खाणींचाच होता. त्यांनी तो कधी लपवला नाही. 1963 मध्ये त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक, म्हणजे मगो पक्ष गोव्याची निवडणूक जिंकला तेव्हा ते स्वतः उमेदवारही नव्हते. तरी मुख्यमंत्री तेच झाले, आमदार नंतर. शेठचा तोरा, दुसरं काय! 1973 मध्ये ते गेले आणि खुर्ची मुलीकडे, शशिकलाताईंकडे गेली. हेही मला खटकतं.

विशीत मी वडिलांशी यावरूनच भांडायचो. डोंगर पोखरून मिळवलेल्या पैशातून दानधर्म, त्याचं कसलं कौतुक? वडील म्हणायचे, "पैसा भाटकाराकडेही होता. त्यानं काय दिलं?" ते भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, कूळ होते. भाऊंच्या सरकारचा 1964 चा कूळ कायदा आला आणि मनात येईल तेव्हा त्यांना शेतातून उठवणं भाटकाराला जमेना. ते दान नव्हतं, कायदा होता, हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. मान्य करायचं नव्हतं.

पण खरा घोळ जनमत कौलाचा. 16 जानेवारी 1967. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, जी भाऊंची मागणी; दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊंच्या सरकारनं आधीच राजीनामा दिला होता. आमच्या घरात "झालाच पाहिजे"चा गजर. काका फुलासाठी गावोगाव हिंडलेले. निकाल आला, विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं. काका ओसरीवर डोकं धरून बसले. वडील पेज जेवत होते. जेवता जेवताच म्हणाले, "मी पानांवर शिक्का मारला."

काका उठून उभेच राहिले. "भाऊंचा शब्द मोडलास? ज्यांच्यामुळे शेतात पाय रोवून उभा आहेस त्यांचा?"

"गोवा महाराष्ट्रात गेला तर भाऊ कोण राहणार?" वडील म्हणाले. "भाटकारानं पुन्हा त्रास दिला तर मी मुंबईला कुणाच्या दारात उभा राहू?"

आईनं दोघांच्या मधे येऊन ताट उचललं. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं. चतुर्थीलाही काका आरतीपुरते आले आणि प्रसाद न घेता गेले.

मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. वडिलांनी मुकाट्यानं सिंहावर, मगोच्या चिन्हावर, शिक्का मारला. मगो पुन्हा सत्तेवर, भाऊ पुन्हा मुख्यमंत्री. म्हणजे वडिलांसारखी माणसं थोडीथोडकी नसणार. भाऊंची मागणी नको, पण भाऊ हवेत. जावई याला लाचारी म्हणतो. मला तो चोख हिशोब वाटतो. कधी कधी जावयाचंही पटतं.

वडिलांना मी पुढे बरेचदा छेडलं: तुम्हाला गोवा हवा होता, भाऊ हवे होते, की नुसतं शेत? दर वेळी उत्तर वेगळं.