भिंतीत गेलेलं काम

रविवार, रात्र

इंदिरानगरच्या फ्लॅटच्या वायरिंगचे अडकलेले पैसे आज खात्यात आले. सगळे नाहीत, वाढीव पॉइंटांचे (पॉइंट म्हणजे दिवा, पंखा, प्लग यांची एकेक जागा) थोडे अजून बाकी आहेत. पण फ्लॅटचे मालक जे काका माझा फोनही उचलत नव्हते त्यांनी आज स्वतःहून मेसेज केला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

काम ठरलं ते व्हॉट्सॲपवर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी माझा नंबर दिला, काकांनी टू बीएचकेचा प्लॅन पाठवला, मी पॉइंट मोजून लेबरचा दर कळवला आणि त्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. मटेरियल पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, लेबर माझं. आयटीआय करून उस्तादांच्या हाताखाली शिकलो, आता कुठे स्वतःच्या नावावर साइट घ्यायला लागलोय. स्टँप पेपर मागितला तर लोक दुसरा वायरमन बघतील. सगळ्या नव्या पोरांचं असंच चाललंय, मग ते प्लंबिंगवाले असोत की फर्निचरवाले.

पण आमच्या कामाला एक जास्तीची अडचण आहे. टाइल्सवाल्याचं काम डोळ्यांना दिसतं, रंगवाल्याचं दिसतं. कन्सिल्ड वायरिंग प्लास्टर झालं की भिंतीत गडप. कटरच्या धुळीत उभं राहून मारलेल्या झिऱ्या, म्हणजे भिंतीतल्या खाचा, त्यात बसवलेले पाइप, एसीसाठी डीबीपासून (घरातल्या मेन स्विचच्या बोर्डापासून) वेगळी ओढलेली ४ स्क्वेअर एमएमची वायर, पुढे इन्व्हर्टर घ्यायचा म्हणून आधीच टाकून ठेवलेला पाइप, यातलं हिशोबाच्या दिवशी काहीच समोर नसतं. समोर असतात फक्त स्विचच्या प्लेटा. पार्टी प्लेटा मोजते आणि म्हणते, एवढ्याचे एवढे कसे?

त्यात वाढीव काम. ते कधीच एकदम येत नाही. काकू साइटवर येतात, ओट्यापाशी उभ्या राहतात आणि म्हणतात, मिक्सरला इथे एक द्या हो. दुसऱ्या दिवशी चिमणी आठवते, मग पाण्याचं फिल्टर, मग देवघरातला दिवा. प्रत्येक वेळी झिरी नव्याने मारावी लागते. आणि शेवटी, हे तर त्यातच होतं ना?

म्हणून उस्तादांनी लावलेली सवय मी सोडलेली नाही. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, जमिनीपासून टेप धरून. ते डायरीत लिहायचे, मी त्याच संध्याकाळी पार्टीला पाठवतो. काकांना पाठवलेला मेसेज असा होता: ‘काका नमस्कार. काकूंनी सांगितल्याप्रमाणे आज ओट्यावर २ आणि देवघरात १ असे ३ पॉइंट वाढले. दर ठरल्याप्रमाणेच. फोटो सोबत जोडलेत. उद्या प्लास्टर आहे, काही बदल असेल तर आज सांगा.’

यात अविश्वासाचं काही नाही. उद्या काका टीव्हीसाठी भिंतीला ड्रिल मारतील तेव्हा पाइप कुठून गेलाय हे त्यांना याच फोटोत दिसणार आहे. माझ्याइतकाच तो त्यांच्याही कामाचा. हे सांगितलं की लोकांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. आज पैसे आले ते या फोटोंमुळेच. मी तारीखवार सगळे पुन्हा पाठवले, खाली बेरीज लिहिली. वाद घालायला जागाच उरली नाही.

मधल्या काळात कायदाही वाचला. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारसुद्धा चालतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १० अ सांगतं की, करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोवर नुसता अंगठा पाठवला होता. २०२३ मध्ये कोर्टाने तो होकार धरला आणि माल न दिल्याबद्दल त्याला ८२ हजार डॉलर भरायला लावले. आपल्याकडे केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायला ३ वर्षांची मुदत आहे. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. पण काही हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? रोजंदारी बुडवून तारखा करणं आपल्याला परवडत नाही. लिहून ठेवायचं ते हिशोबाला समोरासमोर बसल्यावर उपयोगी पडावं म्हणून.

फक्त चॅटमध्ये ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू आहे का ते आधी बघून घ्यावं. २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत सगळं आपोआप जातं, आणि आमची साइट ९० दिवसांच्या पुढे सहज जाते. मी काम ठरलं की चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर टाकतो.

मला खरा त्रास झाला तो हेल्परच्या पगाराचा. त्याला दर शनिवारी पैसे लागतात, आणि ते द्यायलाच हवेत. पार्टीने थकवले हे त्याच्या घरच्या किराणावाल्याला सांगून भागत नाही. मॉड्युलर किचनला लाखांनी मोजणारी माणसं लेबरचे पैसे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतात तेव्हा त्या शनिवारचा विचार त्यांच्या मनात येतच नाही. तो मी त्यांना बोलून दाखवायला लागलोय, अगदी शांतपणे. आणि पैसे टप्प्याने मागतोय: झिऱ्या आणि पाइप झाल्यावर एक हप्ता, वायर ओढून झाल्यावर दुसरा, बोर्ड भरल्यावर शेवटचा. बोर्ड भरायचं काम राहिलेलं असताना फोन लगेच उचलला जातो.

गंगापूर रोडच्या रो-हाउसचा मेसेज आता लिहून तयार आहे. पॉइंटची यादी, दर, तिन्ही हप्ते कधी, आणि वाढीव कामाचा दर वेगळ्या ओळीत. उद्या सकाळी पाठवतो. त्यांचा लेखी ‘हो’ आला की मगच कटर गाडीत टाकायचा.