पहाटे बेसबॉल, दुपारी बेळगाव

बेळगावात पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो, पहिल्यांदा किल्ला, मग गोकाक, मग गणपत गल्लीत खरेदी आणि जाताना कुंदा बांधून द्यायचा. या 2025 च्या दिवाळीत मात्र आमचं अख्खं घर टोरांटोच्या बेसबॉलच्या टायमिंगवर चाललं, आणि खरं सांगतो, पाहुण्यांबरोबर एवढी मजा मला आधी कधीच आली नव्हती.

धाकटी बहीण टोरांटोला असते. ती, दाजी आणि बारा वर्षांचा भाचा असे तिघं भाऊबीजेसाठी आले. सांबऱ्याच्या विमानतळावर मी घ्यायला गेलो तर भाचा ट्रॉली ढकलत बाहेर आला तो पाया पडायच्या आधीच म्हणाला, मामा, आपण वर्ल्ड सिरीजमध्ये गेलो! त्याच दिवशी सकाळी त्यांच्या टीमनं, म्हणजे टोरांटो ब्लू जेजनं, सिअ‍ॅटलला 4-3 नं हरवलं होतं. जॉर्ज स्प्रिंगर नावाच्या खेळाडूनं सातव्या इनिंगमध्ये तीन रनचा होमरन (आपल्या सिक्सरसारखा, थेट मैदानाबाहेर) मारला होता आणि टोरांटो 1993 नंतर पहिल्यांदाच या फायनलला पोचली होती, जी आधी चार मॅच जिंकणाऱ्याची. म्हणजे पोराच्या जन्माच्या किती तरी आधी, दाजी तर तेव्हा इथं शहापुरात शाळेत होते. असं असताना पोराला वर्ल्ड सिरीज सोडून किल्ला बघ म्हणायचं कसं?

वेळ मात्र आम्हाला मस्त जमली. तिकडं रात्री आठला मॅच म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाचला. आई तशी पाचलाच उठते. तिनं देवपूजा उरकून चहा टाकायचा, दाजींनी लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, आणि फराळाचे डबे मधे ठेवून सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. आमचं घर टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, त्यामुळं मधेच गाडी गेली की कॉमेंटरी ऐकू यायची नाही, आणि भाचा तेवढ्यात टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायचा.

पहिलीच मॅच अशी झाली की मी या खेळात अडकलोच. टोरांटोनं लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध 11-4 नं मारली. सहाव्या इनिंगला तिन्ही बेसवर, म्हणजे रन काढताना टेकायच्या तिन्ही ठिकाणी, माणसं उभी आणि बदली बॅटर म्हणून आलेल्या अ‍ॅडिसन बार्जरनं बॉल थेट प्रेक्षकांत घातला, चार रन. बदली म्हणून येऊन असा ग्रँड स्लॅम वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात कुणीच मारला नव्हता. शेजारचे काका गॅलरीतनं ओरडले, काय ओ, सकाळी सकाळी इंडियाची मॅच हाय काय?

आईला खेळ समजवायचं काम भाच्याचं. पिचर बॉल टाकतो पण टप्पा नाही, बॅटरनं तीन स्ट्राइक खाल्ले की आऊट, तीन आऊट झाले की बाजू बदलली, अशा नऊ इनिंग, आणि सरळ रेषेच्या बाहेर गेला तर फाऊल. आई म्हणाली म्हणजे मागं मारलेलं चालतच नाही. अगदी बरोबर. त्यानं टोरांटोहून आणलेला बेसबॉल तिच्या हातात दिला. पांढरं चामडं आणि त्यावर घोड्याच्या नालासारखी वळलेली लाल दोऱ्याची शिवण. त्यानं सांगितलं, आज्जी, यात एकशे आठ दुहेरी टाके असतात आणि ते हातानं घालतात. आईनं चष्मा लावला, बॉल बोटांवर फिरवत एका टाक्यापासनं सुरुवात केली आणि माळेचे मणी ओढावेत तसा टाक्याटाक्यावर अंगठा ठेवत मोजत गेली. पूर्ण एकशे आठ भरल्यावर बॉल कपाळाला लावून परत दिला. तेव्हापासून बेसबॉल तिचा झाला.

त्या दिवशी जिंकल्यामुळं सगळे खुशीत होते, दुपारी किल्ल्यात गेलो. रट्ट राजांच्या काळात, 1204 साली बिचिराजानं हा किल्ला बांधला असं सांगतात. दारातच गणपती आणि दुर्गादेवी, आत साफा मशीद, रामकृष्ण आश्रम, आणि कमल बस्ती हे जैन देऊळ. कमल बस्ती घाईत बघायची गोष्ट नाही. आत नेमिनाथांची मूर्ती आहे, मंडपात थंडगार असतं, आणि वर मान केली की छतातनं खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं. बहात्तर पाकळ्या, भूत, वर्तमान आणि भविष्यकाळातल्या चोवीस चोवीस तीर्थंकरांच्या. भाचा फरशीवर आडवा पडून मोजायला लागला, तिथल्या म्हाताऱ्या काकांनी रागवायच्या ऐवजी त्याच्याशेजारी बसून कुठनं सुरू करायचं ते दाखवलं. स्वामी विवेकानंद 1892 साली बेळगावात येऊन राहिले होते हे मी आश्रमात सांगितलं, आणि नंतर वीर सौधला नेऊन हेही सांगितलं की गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, 1924 च्या, आणि ते याच टिळकवाडीत भरलं होतं. त्यावर दाजी म्हणाले, मी इथंच वाढलो आणि हे पोराला सांगायचं राहूनच गेलं होतं.

दुसरी मॅच डॉजर्सनी घेतली, त्यांच्या यामामोतोनं एकट्यानंच पूर्ण मॅच पिचिंग केलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, घरात कुणाला आवडली नव्हती.

तिसरी मॅच, 28 ऑक्टोबर, मंगळवार. गोकाकला जायचं म्हणून नऊला गाडी सांगितलेली. मॅच साडेपाचनंतर सुरू झाली, साडेआठ-नऊपर्यंत संपेल असा हिशोब. सातव्या इनिंगच्या मधे तिकडं सगळं स्टेडियम उभं राहून हातपाय मोकळे करतं आणि गाणं म्हणतं, आमच्याकडं त्या वेळेला दुसरा चहा. नऊ इनिंग झाल्या, 5-5. बेसबॉलमध्ये बरोबरी नाही, कुणीतरी जिंकेपर्यंत खेळायचं. दहावी, अकरावी, बारावी. गाडीवाले दादा खाली हॉर्न देऊन दमले आणि वर आले, आईनं उप्पिटाची प्लेट हातात दिली, ते पाच मिनिटं म्हणून टेकले आणि तिथंच रमले. चौदाव्या इनिंगला स्टेडियम परत उभं राहिलं, आमचा परत चहा. डॉजर्सचा ओहतानी त्या दिवशी नऊ वेळा बेसवर पोचला, दोन होमरन, दोन डबल (एका फटक्यात दुसऱ्या बेसपर्यंत), आणि त्यानंतर तर टोरांटोवाले त्याला मारायला बॉलच देईनात, मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवायचे. गाडीवाल्यांना हे काही पटेना. "एवढा भारी हाय तर बॉल टाकून बघा की ओ त्याला!" अठराव्या इनिंगला फ्रेडी फ्रीमननं होमरन मारला आणि डॉजर्स 6-5 नं जिंकले. सहा तास एकोणचाळीस मिनिटं. घड्याळात सव्वाबारा वाजून गेलेले, कुकरच्या शिट्ट्या झालेल्या. भाचा काही बोलला नाही, उशीत तोंड घालून पडला. आणि मला मनापासनं वाटलं की असा खेळ हरताना बघणंसुद्धा भाग्याचं आहे. घड्याळाकडं न बघता अठरा इनिंग लढायचं, थकलेल्या पिचरच्या जागी नवीन पोरगं आणायचं आणि त्यानंही जीव तोडून टाकायचं, काय म्हणावं याला!

जेवूनच निघालो. गोकाकचा धबधबा बेळगावपासनं साठेक किलोमीटर, घटप्रभा नदी 52 मीटरवरनं म्हणजे 171 फुटांवरनं एकदम खाली पडते. पाऊस संपत आला असला तरी पाणी चांगलं होतं, तपकिरी रंगाचं, आणि खालनं तुषार वर येऊन चेहरा ओला होत होता. झुलता पूल लांबनंच बघितला. 1887 च्या सुमारास इथली मिल याच पाण्याच्या जोरावर चालायला लागली, त्या जुन्या दगडी इमारती अजून आहेत, दाजी इंजिनिअर असल्यामुळं ते तिथनं हलेनात. आईनं बाहेर शेंगावाल्या बाईला "एष्टु री?" विचारलं आणि दोघींची कन्नडमधनं जी गप्पांची गाडी सुटली ती पोरंबाळं, गुडघेदुखी, दिवाळीचा खर्च सगळं करून थांबली. भाच्याला आज्जी दुसऱ्याच भाषेत एवढं हसतेय याचं फार अप्रूप वाटलं. आमच्याकडं हे असंच असतं, घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडण मिटवायला दोन्ही. करदंट घेतलं, डिंक, गूळ, सुकामेवा, आणि तो तुकडा चावता चावता पोराचा चेहरा जरा उजळला.

पुढच्या दोन्ही मॅच टोरांटोनं घेतल्या. एका मॅचला गरेरो ज्युनियरनं, म्हणजे भाच्याच्या देवानं, ओहतानीलाच होमरन मारला. दुसऱ्या मॅचला येसावेज नावाच्या बावीस वर्षांच्या नवख्या पोरानं बारा जणांना स्ट्राइकआऊट केलं. मग त्या आनंदात राजहंसगड. येळ्ळूरच्या वर हा किल्ला, आता शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे, संध्याकाळी वारा जबरदस्त असतो आणि खाली भाताची पिवळी झालेली शेतं, लांब बेळगाव. बहीण बराच वेळ तटावर बसून होती, मीही काही बोललो नाही.

आता व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. संध्याकाळी तिथं गल्लीतली पोरं टेनिस बॉलनं खेळतात. भाच्यानं ग्लोव्ह नेला आणि पोरांनी आधी तो आळीपाळीनं घालून बघितला, मग ठरलं की आज बेसबॉल. बॅट क्रिकेटचीच, बेस म्हणून दोन चपला आणि एक वीट. पिचरचं अंतर साठ फूट सहा इंच असतं, आपलं बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट, त्यामुळं ते पटकन जमलं. घोळ पळताना. आमची पोरं बॉल मारला की बॅट हातात घेऊनच पळत सुटायची, आणि भाचा मागनं ओरडायचा, बॅट टाक, बॅट टाक! एकानं झक्कास लेग ग्लान्स केला, बॉल मागच्या झाडीत, आणि तो दोन्ही हात वर करून फोर म्हणून नाचला. फाऊल आहे म्हटल्यावर त्यानं जो वाद घातला तो अंधार पडेपर्यंत मिटला नाही. मग क्रिकेट सुरू झालं तेव्हा भाच्यानं पहिल्याच बॉलला बॅट भिरकावून दिली आणि मोकळ्या हातानं पलीकडं पळाला, क्रीजच्या बऱ्याच आधी रनआऊट. पण कॅचिंगला पोरांनी त्याला मानलं. आणि त्यानंही यांना मानलं, कारण ही पोरं ग्लोव्हशिवाय, उघड्या हातानं, सरळ येणारे फटके पकडतात. दुसऱ्या दिवसापासनं साडेचारलाच खालनं हाका सुरू, "येतोस काय रे?"

1 नोव्हेंबरला सहावी मॅच, टोरांटो 3-1 नं हरली, तीन-तीन बरोबरी. त्या दिवशी कुठं फिरायला नेलं नाही. 1956 साली भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासनं इथली मराठी माणसं हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात, आणि त्याच शहरात लाल-पिवळे झेंडे घेऊन कर्नाटक राज्योत्सवाच्या मोठ्या मिरवणुका निघतात. भाच्यानं गच्चीवरनं बघून विचारलं तेव्हा मी त्याला दोन्ही बाजू नीट सांगितल्या, बारा वर्षांच्या पोराला समजतं सगळं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सातवी मॅच, आणि कार्तिकी एकादशी. आईचा उपवास. आमच्या भागातली रताळी म्हणजे विचारायलाच नको, तांबड्या मातीतली, एकादशीला तर पाहिजेतच. तर खिचडी, रताळ्याचा कीस आणि समोर मॅच. गाडीवाले दादाही आले होते, न बोलावता, आणि ते आलेले बघून बरं वाटलं. बो बिशेटनं तीन रनचा होमरन मारला तेव्हा घर डोक्यावर घेतलं. नवव्या इनिंगला टोरांटो 4-3 नं पुढं, फक्त दोन आऊट पाहिजेत, आणि मिगेल रोहासनं होमरन मारून बरोबरी केली. पण टोरांटोची पाळी बाकी होती. तिन्ही बेस भरलेले, एकच आऊट, एक रन आला की संपलं. बॉल सेकंड बेसजवळ गेला, तिथनं थेट होमकडं, म्हणजे बॅटरच्या जागेकडं, थ्रो, टोरांटोचा माणूस घसरत आला आणि थोडक्यात आऊट. पुढचा फटका खोल गेला, दोन फिल्डर एकमेकांवर आदळले तरी त्यातल्या एकानं कॅच सोडला नाही. अकराव्याला विल स्मिथचा होमरन, डॉजर्स 5-4. शेवटच्या बॉलवर टोरांटोच्या कर्कची बॅटच तुटली, डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आऊट, संपलं. यामामोतो आदल्या मॅचला पिचिंग करून दुसऱ्याच दिवशी परत येऊन टाकत होता, त्यालाच सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, आणि ते योग्यच होतं.

पोरगं रडलं. मोठ्यानं रडलं. आईनं त्याला जवळ घेतलं, डोक्यावरनं हात फिरवला आणि खिचडीचा चमचा भरवत म्हणाली, खेळले की रे बाळा तुझे, किती खेळले. दाजी उठून गॅलरीत गेले, त्यांचेही डोळे भरलेले. साडेचारला खालनं हाक आली आणि तो ग्लोव्ह घेऊन गेला.

हलशीचं वराह-नरसिंहाचं देऊळ राहिलं, सौंदत्तीची यल्लम्मा राहिली, आंबोली राहिली. पुढच्या खेपेला वैशाखात या म्हणून मी सांगितलंय, तेव्हा आमची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असते, रात्रभर चालते. भाच्यानं लगेच हिशोब केला, टोरांटोची घरची मॅच तिकडं संध्याकाळी सात वाजून सात मिनिटांनी, म्हणजे इथं पहाटे चार सदतीसला, मिरवणूक बघून थेट टीव्हीसमोर बसता येईल. शाळेची रजा मिळते काय ते बहीण बघणार आहे, आणि मिरवणुकीची तारीख ठरली की पहिला फोन मी तिलाच करणार आहे.