बशीतलं सफरचंद

फ्रिज पुसायला काढला, तर खालच्या ट्रेमध्ये वाळक्या मेथीखाली एक सफरचंद सापडलं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदंच घेऊन यायचा. (बाबांना ती कधीच आवडली नाहीत. ‘आजाऱ्याचं फळ’ म्हणायचे.) बाबांचं तेरावं होऊन गेलं, हे एक मागे राहिलं.

एका बाजूला रुपयाएवढा तपकिरी डाग. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. वास आंबूस-गोड.

पीटर ग्रीनअवेचा ‘अ झेड अँड टू नॉट्स’ आठवला. 1985चा सिनेमा. रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाबाहेर गाडीवर हंस आदळतो आणि दोन जुळ्या भावांच्या बायका जातात. भाऊ प्राणिशास्त्रज्ञ. त्यांना एकच कळून घ्यायचं असतं, माणूस कुजतो म्हणजे नेमकं काय होतं? मग कॅमेरा लावून ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत बसतात. आधी सफरचंद, मग कोळंबी, मासे, मगर, हंस, कुत्रा, झेब्रा. पोट फुगतं, बसतं, अळ्या शिजत्या भातासारख्या रटरटतात. आणि वर मायकल नायमनचं संगीत असं ठेक्यातलं, की वरातीत वाजवावं. शेवटी दोघे भाऊ स्वतःच कॅमेऱ्यापुढे आडवे होऊन जीव देतात, तर गोगलगायी यंत्रावर चढून सगळं बंद पाडतात. हॉस्टेलवर हा शेवट बघून आम्ही पोट धरून हसलो होतो.

तेव्हा त्या भावांचा प्रश्न निव्वळ चक्रमपणा वाटला होता. आपल्याला तो पडायला सवडच कुठे असते? बाबा पहाटे गेले, दुपारी विद्युतदाहिनीत. दुसऱ्या दिवशी दादाच्या हातात लाल फडकं बांधलेलं मडकं. दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेराव्याला गोडाचं जेवण. मला नुसतं बघत बसायचं होतं, आणि कोणी ना कोणी हातात चहाचा ट्रे देत होतं.

सफरचंद ओल्या कचऱ्यात टाकायला गेले आणि बशीत ठेवून आले. ओट्याच्या कोपऱ्यात. रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत बघते. तिसऱ्या दिवशी देठाभोवती सुरकुत्या. पाचव्या दिवशी डागावर पांढरी लव, कडेला हिरवट. काल खाली पाणी सुटलं.

“अगं, हे कशाला ठेवलंयस?” आईने विचारलं.

“टाकते उद्या.”

ती थोडा वेळ बघत राहिली. मग “चिलटं होतील गं” म्हणाली आणि दुधावरची जाळी काढून बशीवर ठेवली.