चार भोकं आणि एक निळी रेघ

सॉलिडवर्क्स या यंत्रभागांचे आराखडे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केच, म्हणजे सपाट आकृती, करताना रेघ काढली की ती निळी दिसते. निळी म्हणजे अजून मोकळी. टोक माऊसने धरून ओढलं की निमूट मागे येते. काळी झाली की जागची हलत नाही. नवशिका मग हाताला लागेल ते माप टाकत सुटतो, आणि तरी एखादी रेघ निळी उरलीच तर तिला सरळ 'फिक्स' मारतो, म्हणजे आहे तिथेच खिळवतो. स्केच काळं होतं, पण ती रेघ तिथेच का, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

हिशेब तसा सोपा आहे. बिंदूला दोन मोकळिकी: आडवी आणि उभी. रेघेला टोकं दोन, म्हणून चार. वर्तुळाला तीन. आयताच्या चार सुट्या रेघा म्हणजे 16. कोपरे जुळवले की 8 गेल्या, दोन रेघा आडव्या आणि दोन उभ्या ठरवल्या की आणखी 4. उरलेल्या चारांपैकी लांबी-रुंदीच्या दोन मापांनी जातात. राहिलेल्या दोन ओरिजिनशी, म्हणजे स्केचच्या शून्यबिंदूशी, गाठ मारल्याशिवाय जात नाहीत, आणि नेमकी हीच गाठ विसरते. फ्रीकॅड हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर उरलेल्या मोकळिकींचा आकडा तरी तोंडावर सांगतं. सॉलिडवर्क्स स्केचच्या नावाआधी कंसात एक वजा चिन्ह ठेवून गप्प बसतं.

ओरिजिनपासून फक्त 40 मिमी अंतर दिलेला बिंदू ओढून बघावा. खळ्यात तिवड्याला बांधलेला बैल जसा, तसा गोल फिरतो. कोनाचं माप दिलं की थांबतो.

आता 100 बाय 60 ची प्लेट घ्या. चारही भोकं कडेपासून 15 मिमी आत. व्यास एकदाच लिहावा आणि बाकीच्या तिघांना 'इक्वल' लावावं. खरा प्रश्न उजवीकडच्या भोकांचा. डाव्या कडेपासून 85, उजव्या कडेपासून 15, की दोन भोकांमध्ये 70? तिन्ही स्केचं काळी, तिन्ही हुबेहूब सारखी. उद्या प्लेट 120 ची झाली की पहिल्यात उजवी भोकं कडेपासून 35 वर मागे पडतात. दुसऱ्यात ती कडेबरोबर सरकतात. तिसऱ्यातही मागेच राहतात, पण डावी भोकं हलवली तरी 70 चं अंतर मोडत नाही. या भोकांवर मोटर बसणार असेल तर तेच हवं. शिवाय मोटर प्लेटच्या मधोमध हवी असेल, तर मधल्या कन्स्ट्रक्शन लाइनशी (नुसत्या आधाराच्या रेघेशी) 'सिमेट्रिक' लावावं आणि डावीकडचं 15 काढून टाकावं. भोकं कशासाठी आहेत हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं.

लोभ सुटत नाही म्हणून काहीजण 15, 70, 15 लिहून वर 100 सुद्धा लिहितात. मग लाल-पिवळ्या रेघा. सॉफ्टवेअर विचारतं, हे माप 'ड्रिव्हन' करू का? हो म्हणावं. ते नुसतं वाचायला उरतं.

लांबट स्लॉटची, म्हणजे गोल टोकांच्या खाचेची, गंमत वेगळी. दोन रेघा, दोन अर्धगोल, टोकं जुळवली, चारही ठिकाणी 'टॅन्जंट' लावलं, म्हणजे रेघ अर्धगोलाला कोपरा न पडता मिळते. सगळं झालं असं वाटतं, पण ओढलं की एक टोक फुगतं आणि स्लॉटचं गाजर होतं. दोन अर्धगोलांची त्रिज्या 'इक्वल' करायची राहिलेली असते.

काही नाती (आडवी, उभी, इक्वल, टॅन्जंट अशा अटी) आपण जोडतच नाही, ती चिकटतात. घाईत काढलेली रेघ जराशी आडवी दिसली की सॉफ्टवेअर तिला आडवी करून टाकतं. बिंदू भलत्याच रेघेवर बसतो. सॉलिडवर्क्समध्ये काढताना कंट्रोल दाबून ठेवलं की ही आगाऊ मदत थांबते. अर्थात या मदतीचं मूळ जुनं आहे. 1963 साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांच्या स्केचपॅड या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर लाइट पेनने वेडीवाकडी रेघ काढून तिला समांतर किंवा काटकोनात व्हायला सांगता येत होतं.

क्रमाचं म्हणाल तर आधी नाती, मग मापं, आणि कोपऱ्यांच्या गोलाया स्केचमध्ये नकोतच. त्या स्केचचं सॉलिड, म्हणजे भरीव वस्तू, झाल्यावर शेवटी द्याव्यात. आकृतीही पहिल्यापासून मापाच्या आसपास काढावी. 400 च्या रेघेला एकदम 12 लिहिलं की कंस उलटा वळतो, टॅन्जंट पलीकडच्या बाजूला उडी मारतो.

स्केच बंद करण्याआधी 100 च्या जागी 137 टाकावं, 60 च्या जागी 45. भोकं कुठे गेली ते नीट बघावं. मग दोनदा अनडू.